एकच बार

शस्त्रास्त्रांच्या बाबतीतला माझा अधिकार दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. टिकली वाजण्याआधी डोळे मिटून घेण्याची माझी सवयही लहानपणापासून टिकून आहे. तरीही आज मी बंदुकीवर लिहायला बसलो आहे, आणि त्याला जबाबदार आमची बदली. मास्तरकीच्या नोकरीनं मला पोंभुर्ण्याला आणून सोडलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावात राहून वाघ आणि बंदूक या दोन विषयांवर मत नसणं म्हणजे नागपुरात राहून सावजीच्या रश्श्यावर मत नसण्यासारखं आहे. माणूस संशयास्पद ठरतो.

इथला मुलूख धानाचा. बांध्या, तलाव, आणि जिथं बांधी संपते तिथं जंगल सुरू. दोहोंच्या मध्ये कुंपण म्हणाल तर रानडुकरांना हसू येईल असं. त्यामुळे पीक उभं राहिलं की माणसं रात्री जागलीला जातात. जागलीच्या गोष्टी सकाळी पानठेल्यावर येतात, आणि तिथं आमचे शेजारी काकाजी त्यांच्यावर अध्यक्षीय भाषण करतात. वय विचारलं तर काकाजी "लय झालं" एवढंच सांगतात. त्यांच्या वडिलांकडे एक ठासणीची बंदूक होती. इकडे तिला भरमार म्हणतात. तिची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती माझ्या वडिलांकडेच होती की काय, अशी शंका येते.

तर, अशा वातावरणात माझ्या भाच्यानं जर्मनीहून पत्रासोबत एक रंगीत पुस्तिका पाठवली. हा भाचा तिकडे थुरिंगिया प्रांतात नोकरीला आहे. तिथं जवळच डोंगरात झूल नावाचं गाव आहे. हत्तीच्या पाठीवर घालतात ती झूल वेगळी, ही बंदुकांची. डोंगरात लोखंड, उतारावर लाकूड आणि ओढ्यांना पाणचक्की फिरवण्याइतकं पाणी, एवढ्या भांडवलावर या गावानं सोळाव्या शतकापासून बंदुका घडवल्या. १६३४ साली युद्धात गाव जळून खाक झालं, तर पुन्हा उभं राहून पुन्हा बंदुकाच घडवू लागलं. काही गावांना अनुभवातून शहाणपण येत नाही, धंदा येतो.

याच झूलमध्ये १८९८ साली मेर्केल बंधूंनी आपला कारखाना काढला. जर्मनीच्या माजी चान्सेलर बाईंचंही हेच आडनाव, पण आपल्याकडे सगळे कुलकर्णी जसे एकमेकांचे कोणी नसतात, तसंच ते. दुसरं महायुद्ध झालं, झूल पूर्व जर्मनीत गेलं, कारखाना सरकारजमा झाला; पुढे पूर्व जर्मनीच उरली नाही; आणि २००७ साली अरब अमिरातीतल्या एका कंपनीनं हा कारखाना विकत घेतला. वाळवंटातल्या माणसानं डोंगरातली बंदूक विकत घ्यावी, यालाच आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणत असावेत.

पण मला गुंतवलं ते त्या पुस्तिकेतल्या एका रायफलीनं. किपलाउफ, म्हणजे खाली झुकणारी नळी. कळ दाबली की नळी नम्रपणे मान खाली घालते, तिच्यात एक काडतूस ठेवायचं, नळी मिटायची. दुसरं काडतूस ठेवायला जागाच नाही. बरं, भरली तरी ती लगेच उडायला तयार नसते. नेम धरल्यावर अंगठ्यानं एक खटका पुढे सारायचा, तेव्हा आतली कमान ताणली जाते. विचार बदलला तर खटका मागे. कमान सैल, रायफल शांत. वजन अडीच किलोच्या आसपास. नळी आणि दस्ता वेगळे करून पाठपिशवीत टाकता येतात, कारण ही मुळात आल्प्सच्या कड्यांवर शॅम्वा नावाच्या डोंगरी बकऱ्यामागे चढणाऱ्या शिकाऱ्यांसाठी. दिवसभर चढायचं, तासभर दुर्बिणीतून बघायचं, आणि एकदा, फक्त एकदा, चाप ओढायचा. मनासारखी संधी आली नाही तर तसंच उतरायचं. आणि जनावर पडलंच, तर त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची. शेवटचा घास. जर्मन शिकाऱ्यांची ही जुनी रीत आहे.

हे सगळं मी पानठेल्यावर मोठ्या उत्साहानं सांगितलं. काकाजींनी पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली.

"केवढ्याची म्हन्ता?"

मी युरोचे रुपये करून सांगितले. एखादा जुना ट्रॅक्टर आला असता.

"अन् बार किती?"

"एकच."

"एवढे पैसे देऊन एकच? अन् चुकला त?"

"चुकवायचा नाही, असा नियम आहे."

"अन् वाघ आला त?"

"तिकडे वाघ नाहीत, काकाजी."

"मंग बराबर हाय," असं म्हणून त्यांनी पुस्तिका परत केली आणि खर्रा तोंडात टाकला.

बंदुकीच्या इतिहासावरचे दोन-चार ग्रंथ मी नंतर वाचले, पण काकाजींच्या या निकालात फार सुधारणा करावी लागली नाही. आपल्या जंगलात आलेल्या इंग्रज साहेबांनी हाच हिशेब केला होता. त्यांची आवडती रायफल दुनळी, आणि तिची दुसरी नळी शिकारीसाठी कमी आणि पहिल्या नळीनं केलेल्या चुकीसाठी जास्त असे. चिडलेला वाघ काडतूस बदलेपर्यंत थांबत नाही.

साहेबाला दोन नळ्या आणि रयतेला? तिथंच खरी गंमत आहे. १८५७ मध्ये पोळल्यावर सरकारनं ठरवलं, की नेटिवाच्या हातातली बंदूक गोऱ्याच्या बंदुकीपेक्षा एक पिढी मागे असलेली बरी. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं आपल्या माणसाला परवाना लागला, युरोपियनाला माफी. १९०७ साली तर .४५० व्यासाच्या रायफलींवरच हिंदुस्थानात बंदी आली, कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीचा तोच व्यास, आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती लागण्याची धास्ती. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी डोक्याला हात लावला नाही, नुसते आकडे बदलले. .४६५, .४७०, .४७५ अशा नव्या रायफली निघाल्या. साहेबाच्या शिकारीला काही ढळ पोचली नाही. वाघाला तर फरकही कळला नसेल.

पण माझा सगळ्यात लाडका नमुना निराळाच आहे. इंग्रजी लष्कराची ली-एन्फील्ड रायफल पेटीत दहा गोळ्या घेत असे. हीच रायफल हिंदी पोलीस आणि पहारेकऱ्यांना द्यायची वेळ आली, तेव्हा बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तिच्या नळीतले आटे काढून टाकले, गोळ्यांच्या पेटीच्या जागी चक्क लाकडाचा ठोकळा बसवला आणि .४१० ची एकबारी मस्केट तयार केली. दहा बार उडवणाऱ्या यंत्राला मुद्दाम खर्च करून एकबारी बनवणं! झूलचा कारागीर एकच बार देतो तो शिकाऱ्याच्या हातावर विश्वास आहे म्हणून. इशापूरला एकच बार दिला तो विश्वास नव्हता म्हणून. दोन्ही बंदुका एकबारीच. पण एका ठिकाणी तो उपवास आहे, दुसऱ्या ठिकाणी उपासमार.

काकाजींच्या वडिलांची भरमार या दुसऱ्या पंगतीतली. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गोळी किंवा छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं, कानाशी टोपी बसवायची, आणि पाऊस नसेल तर बार उडायचा. एवढं होईपर्यंत रानडुकरांचं कुटुंब जेवून हात धुऊन घरी. पण काकाजी सांगतात, "बाबा बार वाया घालवतच नोहोते जी. दारू पैशाची, गोळी पैशाची. जवळ येऊ देत. पोट असन, पिल्लू असन, त तसंच जाऊ देत." बाबांनी जर्मनीचं नावही ऐकलं नसेल. किपलाउफवाला शिकारी हौसेनं ज्या ठिकाणी पोचतो, तिथं बाबा गरिबीनं पोचले होते. पोचले मात्र दोघंही.

मग स्वातंत्र्य आलं, आणि त्याच्याबरोबर जीप आली. बॅटरीवरचा झगझगीत दिवा आला. पीकसंरक्षणाच्या नावावर बंदुकांचे परवाने सढळ हातानं निघाले. नागपूरकडच्या शिकार कंपन्या अमेरिकेतल्या पाहुण्यांना वाघ दाखवू लागल्या, म्हणजे दाखवून मारू देऊ लागल्या. ताडोब्यात १९३५ सालीच शिकारबंदी झाली होती, १९५५ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. पण उद्यानाबाहेरच्या जंगलाला वाली नव्हता. जीपमध्ये बसलेल्या माणसाला चालावं लागत नाही, थांबावं लागत नाही, आणि दिव्यापुढे चमकणारे डोळे मादीचे की पिलाचे, हे विचारायची त्याला सवड नसते. शेवटी १९७० साली देशभर वाघाची शिकार बंद झाली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्याच साली मोजदाद केली तर आकडा निघाला १८२७. एवढ्या मोठ्या देशात! आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजाराला याहून जास्त गर्दी असते.

आता परिस्थिती उलटी आहे. वाघ वाढले, डुकरं वाढली, आणि बंदुका गेल्या. शेजारच्या गडचिरोलीत गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या येतात. जागलीवरच्या माणसाच्या हातात उरले टॉर्च, फटाके आणि आरोळी. हे ऐकायला फार छान वाटतं, विशेषतः ज्याचं धान बांधीत नसतं त्याला. पण रात्रभरात अर्धी बांधी लोळवलेली पाहिल्यावर एखाद्याची मती फिरते आणि तो तारेत करंट सोडतो. ही सगळ्यात वाईट बंदूक. तिला चाप नाही, नेम नाही, बारांची मोजदाद नाही. समोर डूक आहे, वाघीण आहे की पहाटे शौचाला निघालेला शेजारी आहे, हे ती बघत नाही. आमच्या जिल्ह्यात या तारेनं वाघही मेले आहेत आणि माणसंही. हे बोलणं निघालं की काकाजी खर्रा थुंकतात आणि एवढंच म्हणतात, "बंदुकीमांगं मानूस तरी राहे."

मी मास्तर आहे, कायदा करणारा नाही. सगळ्यांना पुन्हा बंदुका वाटा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्याच्या हाती एखादी आली तर आधी डोळे मिटतील. पण बंदुकीमागचा माणूस म्हणजे काय, हे मला इथं राहून थोडं कळलं आहे. २०१४ साली पोंभुर्ण्याच्याच जंगलात माणसं मारणाऱ्या एका वाघिणीला गोळ्या घालायची पाळी आली. गाव सुटकेचा श्वास टाकत होतं आणि त्याच गावातले म्हातारे हळहळतही होते. कायदाही या बाबतीत जुन्या शिकाऱ्यासारखाच सावकाश आहे: पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, असं ठरलं तरच गोळी.

त्या बेशुद्ध करण्याच्या बंदुकीबद्दल मी काकाजींना सांगितलं. तीही एकबारीच! दारूऐवजी दाबलेला वायू, गोळीऐवजी औषध भरलेली सुई. लांबून चालत नाही, जनावराच्या जवळ जावं लागतं. सुई लागली तरी वाघ लगेच पडत नाही, पाच-दहा मिनिटं तो कुठंही चालत जाऊ शकतो, आणि डॉक्टर आणि वनरक्षक मुकाट बसून राहतात. पडला की आधी त्याच्या डोळ्यांवर कापड टाकतात, श्वास मोजतात, आणि काम झालं की उठवायचं इंजेक्शन देतात.

काकाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे बार एकच."

"एकच."

"जवळ जा लागते."

"हो."

"अन् मंग बसून राहा लागते."

"हो, काकाजी."

"मंग बाबांची बंदूक अन् हे काही लय वेगळं नाही, गुरुजी," ते म्हणाले. "फक्त वाघ उठून जाते, एवढंच."