अंगणात गेलेली शाळा

शिकविण्याची आवड ही जन्मजात देणगी असते, असे आपण सहज बोलून जातो. लहान मुलांना शिकविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर आपण आणखी एक पाऊल पुढे जातो. तिला माया असली म्हणजे पुरे, विद्येची फारशी गरज नाही, असे आपल्याला वाटते. बालशिक्षणाचा आपल्याकडील इतिहास मात्र निराळेच सांगतो.

या कार्याचे आद्य पुरुष गिजुभाई बधेका हे मुळात वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे शिकवावे, या विचाराने त्यांना घेरले. इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले होते. त्यांचे विचार गिजुभाईंच्या वाचनात आले, आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू झाले. वकिली मागे पडली.

ताराबाई मोडक यांची गोष्टही अशीच. १९१४ साली पदवी घेतलेल्या या विदुषी राजकोटला स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख होत्या. त्या काळी एका हिंदी स्त्रीला मिळणारे ते केवढे मानाचे पद! ते सोडून त्या भावनगरला गेल्या आणि तीन-चार वर्षांच्या मुलांजवळ जमिनीवर बसल्या. १९२६ साली गिजुभाईंच्या सोबतीने त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार काढला. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण माँटेसरीची साधने महाग, आणि त्यांचा लाभ शहरातल्या सुखवस्तू मुलांनाच. मग खेड्यातल्या मुलाने काय करावे? या प्रश्नाने ताराबाईंना १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी नेले. अनुताई वाघ या बालविधवा शिक्षिका त्यांच्यासोबत आल्या. तेथे नवाच अनुभव आला. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? तेव्हा या बाई मुलांची वाट पाहत बसल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ-माखू घालावे, नखे काढावीत आणि मग शंख-शिंपले, खडे, बिया, पाने मांडून मोजणी शिकवावी. हीच अंगणवाडी! १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. तेथे गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली, ती कुरणशाळा.

यातून ध्यानात येते ते हे, की आवड आधी आणि काम मागाहून, असा क्रम नव्हता. समोरच्या मुलाकडे लक्षपूर्वक पाहावे, ते का येत नाही याचा शोध घ्यावा, आणि दोष मुलाला न देता आपली पद्धत बदलावी; असे करता करता आवड मुरत गेली. मायेला येथे निरीक्षणाची आणि विद्येची जोड होती.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण, तर अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि 'अंगणवाडी' हा मराठी शब्द देशभर गेला. आपल्या पनवेल तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरही तो पोचला आहे.

शब्द पोचला, मान पोचला काय? महाविद्यालयात शिकविणाऱ्याला वेतन, आणि अंगणवाडीच्या सेविकेला अजूनही 'मानधन'! प्राचार्यपद सोडून मुलांत बसलेल्या ताराबाईंनी या दोन कामांत उच्चनीच मानले नाही. आपण मात्र मानतो. ज्या बाईच्या हाती आपण मूल सर्वांत आधी सोपवितो, तिची विद्या आपल्या हिशेबात सर्वांत शेवटी यावी, हे शोभते काय? याचे उत्तर सरकारने द्यायचे तेव्हा द्यावे. गावाने ते आपल्या वागणुकीतून आजच द्यायला हरकत नाही.