आमच्याकडे तिला बॅटरीच म्हणतात

पुस्तकी मराठीत विजेरी, शहरात टॉर्च आणि आमच्या कोकणातल्या घरी सरळ 'बॅटरी'. बॅटरीत घालायचे ते 'सेल'. इंग्रजी शाळेत जाणारी आमची भाचरं यावर हसतात. "अगं आत्या, बॅटरी आतमध्ये असते!" त्यांचं म्हणणं शब्दकोशाप्रमाणे बरोबर आहे. पण या वस्तूचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नाव ठेवणारी जुनी मंडळी काही भोळी नव्हती. नळी, काच, बटण हा सगळा वरचा साज. खरी गोष्ट सेलचीच.

आता बघा. 1866 साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच माणसाने जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचं पाणी वापरून एक सेल तयार केला. तारायंत्रं आणि घंटा त्यावर छान चालायच्या. पण तो काचेच्या बरणीत! बरणी कलंडली की पाणी सांडलं. असा दिवा हातात घेऊन गोठ्यात कोण जाणार? मग 1886 मध्ये जर्मनीच्या कार्ल गासनरने त्या पाण्याचा प्लास्टर घालून लगदा केला आणि तो जस्ताच्याच डब्यात भरला. झाला 'ड्राय सेल'. उलटा करा, आडवा ठेवा, सांडत नाही. यातली मेख अशी, की जस्ताचा डबा हेच त्या सेलचं इंधन. सेल वापरला जातो तसा डबा आतून खाल्ला जातो, आणि शेवटी भोक पडून चिकट पाणी बाहेर येतं. जुने सेल बॅटरीत विसरले की स्प्रिंग का गंजते, त्याचं उत्तर इतकं जुनं आहे.

असा सेल मिळाल्यावर बाकीचं फार अवघड नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये कॉनराड ह्यूबर्ट नावाचा, रशियन साम्राज्यातून आलेला एक माणूस विजेच्या गमतीच्या वस्तू विकायचा. त्याच्यासाठी काम करणाऱ्या डेव्हिड मिसेलला 10 जानेवारी 1899 रोजी पेटंट मिळालं. कागदी नळी, तीत एकामागे एक सेल, पुढे छोटा बल्ब. काही नमुने न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट दिले गेले. या धंद्याचंच नाव पुढे 'एव्हररेडी'. पण तेव्हाचा बल्ब कार्बनच्या तारेचा आणि सेल अशक्त. सलग उजेड मिळायचा नाही, म्हणून क्षणभर पेटवायचा, सेलला विसावा द्यायचा, परत पेटवायचा. अमेरिकन लोक तिला 'फ्लॅशलाइट' म्हणतात ते यामुळे.

आणि आपण काय म्हणतो? "जरा बॅटरी मार रे!" मारायची, लावून ठेवायची नाही. माझे आजोबा रात्री खळ्यातून जाताना बरोब्बर असंच करत. एक झोत, चार पावलं, परत एक झोत. फुरसं दिसण्यापुरता उजेड मिळाला की पुरे. आम्ही पोरं छपरावर उजेडाचे गोल फिरवायला लागलो की माजघरातून आवाज यायचा, "सेल उतरतील!" उतरलेले सेल आजी उन्हात ठेवायची आणि ते खरंच थोडे जिवंत व्हायचे. यात जादू नाही. विसावा आणि ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया, जी मंदावलेली असते, ती थोडी पुढे सरकते, एवढंच.

हे सेल आपल्याकडे कलकत्त्यात 1939 पासून बनू लागले. एव्हररेडीची मूळ कंपनी 1917 पासून युनियन कार्बाइडचा भाग होती. 1958 मध्ये लखनौला बॅटऱ्यांचा, म्हणजे आपल्या अर्थाच्या बॅटऱ्यांचा, कारखानाही निघाला. गावोगावच्या वाण्याकडे गूळ-चहाबरोबर ते लाल सेल दिसायचे. याच कंपनीने भोपाळमध्ये कीटकनाशकांचा कारखाना काढला. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तिथे वायू फुटला आणि हजारो माणसं गेली. जी कंपनी घराघरात उजेड पोचवत होती, तीच. 1994 मध्ये युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतले आपले शेअर्स विकले, त्या पैशातून भोपाळमध्ये इस्पितळ उभं राहिलं आणि कंपनीचं नाव एव्हररेडी इंडस्ट्रीज झालं. सेल मात्र तसेच विकले जात राहिले. वस्तूवरचं नाव वाचताना मागचा माणूस आणि मागची जागा आपल्याला दिसत नाही, हे मला फार टोचतं.

पुढची उडी जपानची. शुजी नाकामुराने 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी आणला, तीन वर्षांत त्यातून पांढरा उजेड निघाला, आणि 2014 मध्ये त्याला आकासाकी आणि आमानो यांच्यासह नोबेल मिळालं. या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, म्हणून सुरुवातीच्या छोट्या बॅटऱ्यांत तीन बारके सेल असायचे. आता व्होल्ट वाढवणारं चिमुकलं सर्किट आत बसवतात आणि एका पेन्सिल सेलवरही काम भागतं. 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणले होते, तेही पुढे यात आले. पूर्वी आजोबांच्या तीन मोठ्या सेलना जमत नव्हतं ते आता बोटाएवढी वस्तू करते.

मग खिशात ठेवायला कुठली घ्यावी? नातेवाईक मंडळी हे विचारतात म्हणून सांगते. सेलपासून सुरुवात करा. आपल्या गावच्या दुकानात मिळतो तो सेल, म्हणजे पेन्सिल सेल, घेणारी बॅटरी उत्तम. रोज वापरणार असाल तर रिचार्जचे निकेल सेल घ्या. ते 1.2 व्होल्टचे असले तरी बहुतेक ठिकाणी चालतात. नुसती कपाटात ठेवायची असेल तर सेल काढून शेजारी ठेवा. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. विमानाने येणाऱ्यांनी सुटे लिथियम सेल टोकं झाकून केबिन बॅगेतच ठेवावेत. आणि एक फरक लक्षात असू द्या. जुना बल्ब पिवळा, मग लालसर होत आपण संपत आल्याचं सांगायचा. आजच्या पुष्कळ एलईडी बॅटऱ्या शेवटपर्यंत झगझगीत राहतात आणि एकदम डोळे मिटतात. म्हणून एक सेल जास्तीचा बरोबर हवाच.

आता बऱ्याच नव्या बॅटऱ्यांत सेल आतच कायमचा बंद केलेला असतो. वायर लावा, चार्ज करा. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण दोन-चार वर्षांनी तो सेल म्हातारा झाला की एलईडी, काच, बटण सगळं धडधाकट असताना वस्तू फेकायची. आजोबांची पितळी बॅटरी तीस वर्षं टिकली, कारण टोपण फिरवलं की सेल हातात यायचा. दुकानात म्हणूनच मी आधी टोपण फिरवून बघते. उघडत नसेल, तर तिला काय ते टॉर्च म्हणा. बॅटरी म्हणायला माझं मन तयार होत नाही.

असो. तुमच्याकडे तिला काय म्हणतात? जरूर कळवा.