अंधाऱ्या खोलीत कोणते झाड? वत्सगुल्मापासून आजच्या वाशिमपर्यंत

१/ अंगणाचे घर सोडून सदनिकेत राहायला गेलेल्या कुटुंबाची तुळस पुष्कळदा काही महिन्यांतच वाळते. मग अपशकुनाची कुजबुज सुरू होते आणि बोल घरच्या बाईला लागतो. वास्तविक दोष तिचाही नसतो आणि तुळशीचाही. दोष उजेडाचा असतो, आणि घरातील उजेडालाही इतिहास असतो.

२/ हा इतिहास वाशिमपासूनच सांगता येतो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात सर्वसेनाने ही शाखा स्थापन केली. अजिंठ्याच्या लेण्यांशी ज्याचे नाव जोडले जाते तो हरिषेण याच शाखेचा. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख आहे आणि त्याच ग्रंथात नागर माणसाच्या घराचे वर्णनही आहे.

३/ हे घर पाण्याजवळ असावे आणि त्याला लागून वृक्षवाटिका असावी, असे ग्रंथ सांगतो. वाटिकेत गृहिणीने भाज्यांचे, मसाल्यांचे आणि फुलझाडांचे वाफे करावेत, मध्ये विहीर किंवा तळे खणावे. झोपाळाही तेथेच, सावलीत. शयनगृहात माळा, सुगंधी द्रव्ये आणि तांबूल आहेत. वाढते झाड मात्र नाही. फुले-पाने घरात येत, झाड बाहेरच राही.

४/ वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांतही हीच रीत दिसते. पांढरीच्या मातीच्या जाड भिंती, वर मातीचे धाबे, लहान खिडक्या आणि उजेडापुरते छतातील साणे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या या मुलखात खोलीतला अंधार म्हणजे गारवा होता. अशा खोलीत झाड ठेवण्याचे कारणच नव्हते.

५/ याचा अर्थ, सावलीतील झाडांची जाण येथे नव्हती असा नाही. तुळस अंगणात, उन्हात. अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर, भिंतीच्या आडोशाला. आणि नागवेल तर मुद्दाम निर्माण केलेल्या सावलीत! विदर्भातील बारी समाजाच्या पानमळ्यात शेवरीसारखी झाडे आधी लावतात. तीच वेलीला आधार देतात, ऊन गाळतात आणि कोरडा वारा अडवतात. झाडाची गरज ओळखून उजेड बेतण्याची ही विद्या होती.

६/ कुंडीतील झाडे दिवाणखान्यात आणण्याची आजची रीत मुख्यतः दुसऱ्या हवामानात घडली. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये बाहेर थंडी आणि कोळशाचा धूर होता. नथानिएल वॉर्ड या डॉक्टरची नेच्याची झाडे त्या धुराने मरत. १८२९ मध्ये त्याने पतंगाचा कोष पाहण्यासाठी बंद बाटलीत ठेवला होता. त्या बाटलीतील ओल्या मातीत नेचा उगवला आणि टिकला.

७/ त्यातून काचेची बंद पेटी निघाली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे लंडनहून सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. पुढे याच पेट्यांनी चीनमधील चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली. साम्राज्यांच्या मळ्यांबरोबर घरातील कोपरेही बदलले, कारण दूरच्या अरण्यांतील वनस्पती आता जहाजाने प्रवास करू शकत होत्या.

८/ त्या काळच्या इंग्रजी घरांत पूर्व आशियातील अ‍ॅस्पिडिस्ट्रा विशेष लोकप्रिय झाली. गॅसच्या दिव्यांचा धूर, थंडी आणि काळोख ती सोसत असे. म्हणून तिला ‘ओतीव लोखंडाचे झाड’ म्हणू लागले. आपल्याकडे घरोघरी दिसणारा मनी प्लांटही परकाच. तो मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा. युरोपीय वनस्पतिशास्त्रात त्याचे वर्णन १८८० मध्ये आले.

९/ इकडे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. ‘बासिम’ हा जिल्हा १९०५ मध्ये रद्द होऊन अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. या दीड शतकात घरेही पालटली. सिमेंटच्या सदनिकेत खोलीचा काळोख उरला. अंगण मात्र गेले. म्हणून उजेड बेतण्याऐवजी आता उजेडाला साजेसे झाड निवडावे लागते.

१०/ हा फरक डोळ्यांना कळत नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात अनेकदा शे-दोनशेच. सोपी परीक्षा अशी : दुपारी कुंडीच्या जागी कागदावर हात धरावा. सावली ठळक पडली तर उजेड चांगला. पुसट पडली तर सावलीतलेच झाड निवडावे. सावलीच दिसत नसेल, तर तेथे कोणतेही झाड फार काळ टिकणार नाही.

११/ पुसट सावलीच्या जागी अ‍ॅस्पिडिस्ट्रा, मूळ पश्चिम आफ्रिकेतील स्नेक प्लांट, पूर्व आफ्रिकेतील झेडझेड प्लांट आणि मनी प्लांट तग धरतात. झेडझेड आपल्या कंदात पाणी साठवतो. मनी प्लांटच्या पानांवरील पिवळे पट्टे कमी उजेडात फिके होऊन पान हिरवे होत जाते. अ‍ॅस्पिडिस्ट्रा सोडता ही झाडे पोटात गेल्यास अपायकारक आहेत. लहान मुले आणि पाळीव जनावरे यांच्यापासून ती दूर ठेवावीत.

१२/ सावलीतील झाड बहुधा तहानेने मरत नाही. ते जास्त पाण्याने मरते. उजेड कमी, तर पाण्याचा वापरही कमी. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागल्याखेरीज पाणी घालू नये. खोड लांबट होऊन पाने विरळ आणि फिकट येऊ लागली, तर कुंडी खिडकीजवळ सरकवावी.

१३/ आणि तुळस? तिला रोज पाच-सहा तास ऊन हवे. देवघर आतल्या खोलीत असले, तरी तुळशीची कुंडी गॅलरीत किंवा खिडकीबाहेरच्या उन्हात असावी. पूजेपुरते तेथे जावे. वृक्षवाटिका आणि अंगण यांनी हेच केले होते. तेवढे केल्यावर तुळस जगेल आणि घरातील बाईला विनाकारण लागणारा बोलही टळेल.