डोंबिवलीच्या फलाटावर नऊ एक

डोळखांबच्या नाक्यावर शहापूरच्या एसटीची वाट बघत तुम्ही उभे आहात. क्षणभर आजा पर्वताकडे मान वळवता, परत बघता तर डांबर गायब. पायाखाली फुफाटा, समोर पेंढ्याने भरलेली बैलगाडी. साल १९२३. गाडीवान सरकून जागा देतो.

आसनगावला येईपर्यंत अंगाचा खुळखुळा होतो. जीआयपी रेल्वेची गाडी धूर सोडत येते. इथे विजेची गाडी यायला अजून अवकाश आहे. वाशिंद, टिटवाळा, कल्याण. डोंबिवलीला उतरा. मुंबईपासून तीस मैलांवरचं हे स्टेशन. याच साली इथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना एका संख्याकुळाची कल्पना सुचली. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्याची, वय अठरा. त्या कुळाला त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो’, याच स्टेशनावरून.

त्या कुळातली एक संख्या इथेच करून बघा. रुळांकडेचा कोळशाचा तुकडा उचला आणि फरशीवर नऊ एक लिहा: १११११११११. आता त्याला त्यानेच गुणा. पाढा लागतच नाही. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडच्या टोकाला एकच एक, शेजारच्या घरात दोन, मग तीन; मधल्या घरात नवांची चळत, आणि पुढे पुन्हा उतार. बेरीज करा:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक. उलटं वाचा, तीच संख्या. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला नि:शेष भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकर पुढे ‘हर्षद’ म्हणणार आहेत. आणखी फोडलीत तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. एवढ्या लांबलचक संख्येचे विभाजक अवघे ४५.

परतीच्या गाडीत बसा, पण आसनगावला उतरू नका. कसारा घाट चढून हीच लाइन देवळालीला जाते. तिथे १९३० ते १९६२ कापरेकर शाळेत शिकवतात आणि उरलेल्या वेळात संख्यांच्या मागे असतात. १९७५ मध्ये गणितलेखक मार्टिन गार्डनर अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहितात, तेव्हा कुठे जगाचं लक्ष जातं. शाळामास्तराचं गणित म्हणून ज्यांनी ते बाजूला सारलं, त्यांचं चुकलंच.

घाटात गाडी रेंगाळते आहे, कोळसा अजून हातात आहे. दहा एक घेऊन बघा. मधल्या घरात आता दहा येतात, हातचा एक शेजारी सरकतो आणि शिखर ढासळतं: १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटसुलट सारखेपणा गेला. अंकांची बेरीज ८२, संख्या विषम. म्हणजे हर्षदही नाही. अकरा एकांचं तुम्हीच बघा.