दुष्काळातली लेकरं, केडगावच्या रमाबाई आणि आपली परभणी

आजची पोस्ट जरा लांब आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट केडगावची असली तरी विषय आपल्या जिल्ह्याचा आहे.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात पंडिता रमाबाई एका ओळीत संपतात. शारदा सदन, ११ मार्च १८८९, मुंबई. पोरं तेवढं पाठ करतात आणि पुढे जातात. पण माझ्या मते रमाबाईंचं सगळ्यात मोठं काम त्यानंतर आठ वर्षांनी सुरू झालं. ते दुष्काळात सुरू झालं, म्हणून मराठवाड्याच्या माणसाने ते नीट वाचायला पाहिजे.

आधी थोडं मागे जाऊ. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरायचे. सोबत बायको आणि लेकरं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. दागिने गेले, भांडीकुंडी गेली. शास्त्री माणसाने मजुरी करायची नाही, भीक मागायची नाही, ही घराची रीत. झाडपाला खाऊन दिवस काढले. आई-वडील गेले, मग थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही भावंडं बहुतेक पायीच देश फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या मुलीची विद्वत्ता बघून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे १८८० ला भाऊ गेला आणि १८८२ ला नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मनोरमा. म्हणजे ज्या बाईला आपण विदुषी म्हणून ओळखतो, ती आधी दुष्काळातली अनाथ पोर होती. हे लक्षात ठेवा.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. महाराष्ट्रात गदारोळ उठला. महात्मा फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींना आश्रय देताना धर्म शिकवावा का, हा प्रश्न तेव्हा खरा होता आणि आजही आहे. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादी बालविधवा घरी आणून शिकवली, हेही विचारावं लागतं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलं की बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला धर्म मिळाला होता, पण मनाला शांती मिळाली नव्हती. ती त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास मिळाली. शाळा चालू, देणग्या चालू, भाषणं चालू आणि आतून माणूस कोरडा. सामाजिक काम करणाऱ्या कोणालाही ही अवस्था ओळखीची वाटेल. माणूस आतून पुन्हा उभा राहिला, तेव्हाच पुढचा डोंगर उचलता आला.

तो डोंगर म्हणजे १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या आणि रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांभोवती मुली पळवणारे, विकत घेणारे दलाल फिरत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं. आपण स्वतः उपाशी कसे फिरलो हे त्यांना आठवलं. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. शारदा सदनाच्या उत्पन्नासाठी केडगावला जमीन घेऊन बाग लावली होती, तिथेच मुली नेल्या. तंबू, झोपड्या, उघडं माळरान. हेच मुक्ती सदन. आपण पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की हे केडगाव लागतं.

मग आला १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती आणि आपला मुलूखही होरपळला. गुजरात-राजपुतान्यातून मुली आल्या आणि मुक्तीत जेवणारी तोंडं दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचं घर फक्त प्रार्थनेवर चालत नाही. विहिरी खणल्या, भाजीपाला पिकवला, गुरं पाळली. मुलींना विणकाम, शिवणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवलं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं काढलं. दुष्काळ ओसरला तरी लेकरं तिथेच होती, हे महत्त्वाचं. छावणी हंगामापुरती असते, घर बारमाही लागतं.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठं धार्मिक जागरण झालं. मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या आणि नंतर गटागटाने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. त्याचा अर्थ ज्याने-त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. मला त्यात एवढं दिसतं की ज्या पोरींना कोणी माणूस म्हणून मोजलं नव्हतं, त्यांना आपलाही आवाज आहे हे कळलं. रमाबाई त्यानंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणण्याच्या मागे लागल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. तोपर्यंत काम हातावेगळं झालं होतं.

आपल्याकडेही असं काम झालंय. शेजारच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी सालारजंगांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचं गाव वसवलं होतं. आज किती जणांना माहीत आहे?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या १०० विवाहित-अविवाहित मुलींपैकी ४८ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्यात सगळ्यात वर आपण. का? दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. वयात आलेली पोर मागे कोणाकडे ठेवायची, ही भीती आई-बापाला असते. मग लग्न उरकून टाकतात. बाप आत्महत्या करून गेला असेल किंवा कोरोनात गेला असेल, तर घाई अजून जास्त. दलालाच्या हाती पोर लागेल ही रमाबाईंची भीती आणि आपल्या गावातल्या आईची भीती यात मला फार फरक दिसत नाही. सव्वाशे वर्षं मात्र मधे गेलीत.

हंगामी वसतिगृहं कागदावर आहेत. ती हंगाम सुरू होण्याआधी सुरू झाली तरच उपयोग. पोरगं फडावर गेल्यावर वसतिगृह उघडून काय करायचं? हा प्रश्न ग्रामसभेत विचारा. बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप गेलेल्या लेकरालाही त्यातून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो. बालविवाह ठरतोय असं कळलं तर १०९८ वर फोन करा.

सगळ्यांनी रमाबाई व्हायची गरज नाही. आपल्या गल्लीत, वाडीवर असं एखादं लेकरू असेल तर त्याच्या मृत्यू दाखल्यापासून बँक खात्यापर्यंतचे कागद गोळा करून अर्ज भरून द्या. तुमच्या गावात वसतिगृह कधी उघडतं, किती दिवस चालतं, तेही खाली लिहा. मी पाठपुरावा करतो.