नेल : वाचून शिकणारा संगणक

नेल ही इंटरनेटवरील मजकूर वाचून स्वतःच माहिती गोळा करणारी संगणक प्रणाली आहे. ‘नेव्हर एंडिंग लँग्वेज लर्निंग’ हे तिचे पूर्ण नाव. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि जानेवारी २०१० पासून रात्रंदिवस चालू ठेवली. संगणकाला सामान्यज्ञान देण्याच्या आधीच्या काही प्रयत्नांत माणसांना एकेक गोष्ट हाताने भरावी लागे, आणि या कामाला अंत नसे.

नेलला सुरुवातीला शहर, कंपनी, खेळाडू असे काही शे वर्ग आणि संबंध दिले होते. प्रत्येकासोबत जेमतेम १०-१५ उदाहरणे. पुढचे काम तिचे. पॅरिस हे शहर आहे एवढे माहीत असले, की पॅरिसच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात ते ती पाहते. ‘पॅरिससारखी शहरे’ या अर्थाची रचना वारंवार दिसली, की त्याच जागी येणारी दुसरी नावेही शहरांचीच असावीत असे धरते. नव्या नावांवरून नव्या रचना सापडतात, रचनांवरून आणखी नावे. (नेलचे वाचन मुख्यतः इंग्रजीत झाले. मराठीत पुणे, पुण्यात, पुण्याहून अशी एकाच नावाची रूपे बदलतात, तेव्हा इथे हे काम अधिक अवघड.)

धोका याच साखळीत आहे. एक चूक शिरली की तिच्यावरून पुढच्या चुका शिकल्या जातात. ‘कुकी’ म्हणजे अमेरिकेत बिस्किटासारखा गोड पदार्थ. पण संकेतस्थळे आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या फाइललाही कुकीच म्हणतात. नेलने ‘इंटरनेट कुकी’ भट्टीत भाजलेल्या पदार्थांत टाकली. मग लोक कुकी ‘डिलीट’ करतात आणि फाइलही ‘डिलीट’ करतात, तेव्हा फाइल हाही भाजलेला पदार्थच, असा निष्कर्ष निघाला! तिच्या वाचनात तर्क होता, स्वयंपाकघराचा अनुभव नव्हता.

असे घसरणे रोखण्यासाठी अनेक गोष्टी एकमेकींना बांधून एकदम शिकवल्या जातात. जे व्यक्तीचे नाव आहे ते शहराचे नसावे. ‘अमुक हा तमुक कंपनीचा प्रमुख’ यात पहिली व्यक्ती आणि दुसरी कंपनीच हवी. शब्दांची घडण, वाक्यरचना, पानांवरील याद्या अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेले निष्कर्ष जुळले तर खात्री वाढते. तरीही पहिल्या ६७ दिवसांत जमलेल्या सुमारे २ लाख ४२ हजार विधानांपैकी अंदाजे ७४ टक्केच बरोबर होती, म्हणजे दर चौथे चुकीचे. पहिले सहा महिने कोणीही हस्तक्षेप केला नव्हता. नंतर मात्र संशोधक अधूनमधून ढोबळ चुका खोडू लागले. काम थोडेच होते, पण त्यावाचून चालत नव्हते.

२०१८ मध्ये संशोधकांनी दिलेल्या माहितीनुसार विधानांची संख्या १२ कोटींवर गेली होती. प्रत्येकापुढे ते किती खात्रीचे याचा आकडा होता. त्यांतले एक : चहासोबत बिस्किटे दिली जातात.