ग्रीनलंडने पाहिलेलं २०२१

परवा मावशीला फोनवर एका कादंबरीची गोष्ट सांगत होतो. निविआक कॉर्नेलिउसेन या ग्रीनलंडच्या लेखिकेची 'होमो सेपिएन', २०१४ सालची. नूक या राजधानीतले पाच तरुण, पाच प्रकरणं, प्रत्येकाचं आपापलं 'मी'. फिया बॉयफ्रेंडला सोडते आणि सारा नावाच्या मुलीच्या प्रेमात पडते, इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग इविक आली... की आला? तिथेच अडलो. जन्माने मुलगी, पण आपण पुरुष आहोत हे गोष्टीच्या ओघात उमगतं. मावशीने लगेच विचारलं, "अरे, नक्की मुलगा की मुलगी?"

मराठीत क्रियापद लावायचं तर हे आधी ठरवावंच लागतं. गंमत म्हणजे कादंबरी मुळात ज्या ग्रीनलंडिक भाषेत लिहिली गेली, तिच्या व्याकरणात लिंगच नाही. 'तो' आणि 'ती' यांना वेगळे शब्द नाहीत. (पुढे लेखिकेनेच ती डॅनिशमध्येही आणली.) म्हणजे भाषेत या मुलांना जागा होती. साहित्यात यायला मात्र त्यांना शंभर वर्षं लागली.

शंभर हा आकडा उगाच नाही. ग्रीनलंडिकमधली पहिली कादंबरी १९१४ ची. लेखक माथिआस स्टॉर्क हे धर्मोपदेशक, आणि कादंबरीच्या नावाचा अर्थ 'स्वप्न'. तिच्या नायकाला २१०५ सालचा, शिकलेला आणि पुढारलेला ग्रीनलंड स्वप्नात दिसतो. १९३१ मध्ये आउगो ल्युंगे यांनीही अशीच भविष्यातली कादंबरी लिहिली. त्यांनी निवडलं २०२१. हान्स एगेडे हा मिशनरी १७२१ मध्ये तिथे उतरला आणि डॅनिश वसाहत सुरू झाली, त्याला तेव्हा तीनशे वर्षं होणार होती.

दोघांचीही काळजी एकच : 'आम्ही' डेन लोकांच्या बरोबरीला कधी येणार? पारतंत्र्यातल्या समाजाने दुसरं काय विचारावं म्हणा! पुढे १९५३ मध्ये वसाहतीचा दर्जा गेला, १९७९ मध्ये गृहशासन आलं. २००९ मध्ये स्वशासन मिळालं आणि ग्रीनलंडिक ही एकमेव अधिकृत भाषा झाली.

आणि मग पाचच वर्षांनी चोवीस वर्षांची मुलगी येते आणि 'आम्ही'च्या जागी 'मी' ठेवते. फियाचा भाऊ इनुक याचं गुपित मैत्रीणच फोडते आणि तो डेन्मार्कला पळतो. छप्पन्न-एक हजार वस्तीच्या देशात लपायचं तरी कुठे? 'इनुक'चा अर्थच माणूस. आपल्या माणसांत माणूस म्हणून राहता येईल का, एवढंच त्याला हवं आहे.

कायदा फार मागे राहिला नाही. २६ मे २०१५ रोजी तिथल्या संसदेने समलिंगी विवाहाला एकमताने मान्यता दिली. १ एप्रिल २०१६ पासून तो अंमलात आला.

आता ल्युंगेंचं २०२१. ते वर्ष खरोखर उजाडलं तेव्हा संसद होती, शाळा होत्या, भाषाही टिकली होती. त्याच वर्षी नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार पहिल्यांदा ग्रीनलंडला मिळाला, तो कॉर्नेलिउसेनच्या दुसऱ्या कादंबरीला. तिचं नाव 'फुलांची दरी'. वाटतं तसं सुंदर काही नाही त्यात. ही दरी पूर्व ग्रीनलंडमधल्या तासिलाकची, तिथे दफनभूमी आहे आणि थडग्यांवर प्लास्टिकची फुलं. एका मुलीवर प्रेम करणारी तरुणी, आणि तिच्या अवतीभवती आपलं आयुष्य संपवणारी तरुण मुलं. आत्महत्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांत ग्रीनलंड मोडतो.

स्टॉर्क आणि ल्युंगे चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांनी घर बांधायचं स्वप्न पाहिलं आणि घर बांधूनही झालं. फक्त त्यात कोणाकोणाला जीव मुठीत धरून राहावं लागेल, हे त्यांनी विचारलं नव्हतं. ते विचारायला घरातलंच पोर लागलं.

असो. मावशीला मी शेवटी 'तो' म्हणून गोष्ट पुरी केली. इविकने स्वतः तेच ठरवलं होतं. मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि त्याच्या आईचं काय?"